कात्री कुठे लागली?

"राम राम शेतकरी बंधूंनो, आत्ताच यार्डातून आलो." ग्रुपवर आलेला व्हिडिओ: मागे ट्रॅक्टरची धडधड, हातात काटापट्टी, आवाज आपल्यातलाच. वाशिमला सोयाबीन चढलं म्हणतो. २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ रुपये, पट्टीवरचा आकडा त्याच्या कितीतरी वर. रिसोडपासून मानोऱ्यापर्यंत प्रत्येक ग्रुपवर अंगठेच अंगठे.

पोस्ट खोटी आहे का? अजिबात नाही. पट्टी खरी, आकडा खरा, यार्डही खरं.

फक्त एक शब्द गाळलाय: बिजवाई.

बियाण्याच्या प्रतीचं सोयाबीन वेगळं विकलं जातं, मिलला जाणारं वेगळं. चढा भाव पहिल्याला. तुमच्या घरी पोत्यांत पडलंय ते बहुतेक दुसरं. पणन मंडळ रोज किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन दर देतं. मग पोस्ट नेहमी कमाल दराचीच का? सर्वसाधारण दर ऐकून कुणी घाईघाईने ट्रॅक्टर भरत नाही.

म्हणून 'खरं की खोटं' हा प्रश्न अर्धाच आहे. पुरा प्रश्न असा: कात्री कुठे लागली, आणि कुणाच्या फायद्यासाठी?

"साधी पोस्ट आहे हो, त्यात कुणाचा काय डाव असणार?" गफलत इथेच होते. चकचकीत जाहिरात दिसली की आपण सावध होतो. थरथरता कॅमेरा, चुकलेली वेलांटी आणि 'आपला भाऊ' ऐकलं की विरघळतो. साधेपणाचं सोंग आणायला पैसे पडत नाहीत.

बांधावर उभा राहून तरणा गडी सांगतो, अमुक टॉनिक मारलं, बघा शेंगा कशा लगडल्यात. शेंगा खऱ्याच. पण पैसे घेऊन बोलत असाल तर तसं स्पष्ट सांगा, असा जाहिरात मानक परिषदेचा दंडक २०२१ पासून आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानेही जानेवारी २०२३ मध्ये तेच बजावलं. व्हिडिओत 'जाहिरात' हा शब्द नसेल तर? गडी प्रामाणिक असेल, किंवा शब्द गाळला असेल. ओळखायचं कसं? टॉनिक न मारलेलं तास तो दाखवतो का, ते बघा.

नसेल दाखवत, तर शेंगांचं श्रेय पावसालाही देता येतं.

आता हा फॉरवर्ड बघा: "मालेगावात मुलं पळवणारी टोळी!" कोणतं मालेगाव? आपल्या वाशिम जिल्ह्यातलं की नाशिकचं? कारंजा म्हणजे लाड की वर्ध्याकडचं घाडगे? जिल्हा गाळला की एकच बातमी दोन्हीकडे घबराट पसरवते. तारीख गाळली की दरवर्षी ताजी होते.

ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

१ जुलै २०१८. राईनपाडा, तालुका साक्री, जिल्हा धुळे. आठवडी बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, भिक्षा मागून पोट भरणारे. मुलं पळवणारे समजून जमावाने पाचही जणांना ठार मारलं.

त्या वर्षी देशभर एक क्लिप फिरत होती. मोटरसायकलवरचे दोघे येतात, मूल उचलतात, पसार होतात. मूळ फिल्म कराचीतली, पालकांना सावध करण्यासाठी बनवलेली. तिच्यात ते दोघे मूल लगेच परत आणून सोडतात.

कात्री नेमकी तिथेच लागली होती.

त्याच जुलैत व्हॉट्सअ‍ॅपने भारतात फॉरवर्डवर मर्यादा घातली, एका वेळी पाचच चॅट. बोटांना लगाम लागला. डोक्याला कोण लावणार?

मग काय, प्रत्येक पोस्टकडे संशयाने बघायचं? मुळीच नाही. भाचीच्या बारशाचा फोटो, पहिल्या पावसाचा व्हिडिओ, पोहरादेवीच्या यात्रेतली सेल्फी. बघा, खूश व्हा, पुढे चला. या पोस्ट तुमच्याकडून काही मागत नाहीत.

मागणाऱ्या पोस्ट वेगळ्या. माल आणा. बाटली घ्या. लिंक दाबा. 'हात जोडून विनंती, सगळ्यांना पाठवा.' मागणं आलं की चौकशी आलीच. कोणता जिल्हा, कोणती तारीख, कोणती प्रत, त्याआधी काय झालं, त्यानंतर काय झालं? पाठवणाऱ्याला फोन लावायला दोन मिनिटं लागतात. त्यालाही उत्तर देता येईना, तर ती पोस्ट तुमच्याच मोबाइलवर संपवा.

"मी कुठे बनवली? मी नुसती पुढे ढकलली." ही सबब आता पुरे. ग्रुपवर लोक विश्वास ठेवतात तो तुमच्या नावावर. पोस्ट बनवणारा कोण, कुणालाच ठाऊक नसतं.

पाठवणाऱ्याला अख्खं गाव ओळखतं.