किती तारे द्यावेत?

विज्ञानपटाचं परीक्षण लिहायचं म्हणजे आधी अवजड शब्दांची बेगमी करावी लागते. अस्तित्ववाद, परात्मता, कालसापेक्षता. 'वर्ल्ड ऑफ टुमॉरो' लावला तेव्हा माझी बेगमी जय्यत होती. पडद्यावर मात्र अवतरली काड्यांची माणसं! डोकं म्हणजे गोल, डोळे म्हणजे ठिपके. आमच्या चित्रकलेच्या सरांनी असल्या चित्रांना काठावरही पास केलं नसतं. अमेरिकेत डॉन हर्ट्झफेल्टच्या या लघुपटाला २०१५ साली सनडान्स महोत्सवात परीक्षकांचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं, पुढे ऑस्करचं नामांकनही. सर, ऐकताय ना?

एमिली नावाच्या चिमुरडीला २२७ वर्षांपुढच्या भविष्यातून फोन येतो. पलीकडे तिचीच क्लोन, तिसऱ्या पिढीची. ही बाई पोरीला भविष्यात फिरवते आणि रेल्वेच्या उद्घोषणेच्या सुरात एकेक भयंकर गोष्ट सांगत जाते. आजोबांचं मन म्हणे एका ठोकळ्यात भरून ठेवलंय. तिथून त्यांचे निरोप येतात, पण त्यांत 'अरे देवा, अरे देवा' यापलीकडे फारसं काही नसतं. (आमच्या कौटुंबिक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पहाटे येणाऱ्या सुविचारांपेक्षा हे प्रामाणिक.) चंद्रावरचे रोबो उन्हावर चालतात. त्यांनी अंधारात रेंगाळू नये म्हणून बाईने त्यांना मरणाची भीती शिकवली. मग व्हायचं तेच झालं. माणसं निघून गेली, रोबो तिथेच राहिले आणि उदास कविता पाठवू लागले. दिवाळी अंकांच्या संपादकांनी आतापासून सावध असावं. बाई स्वतः आधी एका दगडाच्या प्रेमात पडली, मग इंधनाच्या पंपाच्या. दगडाशी संसार ही कल्पना माझ्या बायकोला मुळीच वैज्ञानिक वाटली नाही.

पण खरी गंमत त्या पोरीची. तिला आवाज आहे दिग्दर्शकाच्या चार वर्षांच्या भाचीचा. त्या वयाचं मूल लिहून दिलेले संवाद कशाला म्हणेल? तेव्हा मामाने ती खेळताना, चित्रं काढताना तिची बडबड ध्वनिमुद्रित केली आणि सगळा जगबुडीचा पसारा त्या बडबडीभोवती रचला. बाई मरणाबद्दल बोलतेय आणि पोरगी मध्येच सांगते, मी आज जेवले. इथे माझी परात्मता खिशातच राहिली.

आता उरले तारे. परीक्षणाखाली ते द्यावेच लागतात. पण या भविष्यात स्वस्तातला कालप्रवास फसलेली माणसं वातावरणात वर कुठेतरी प्रकटतात आणि जळत खाली येतात. रात्री ती तुटत्या ताऱ्यांसारखी दिसतात. हे पाहिल्यावर पाचपैकी किती, हे संपादकांनीच ठरवावं.