सडपातळांचा तोरा

पट्ट्याचं भोक वर्षानुवर्षं बदललेलं नाही, एवढ्याच कर्तबगारीवर माझा आरोग्याबद्दलचा सगळा तोरा उभा आहे. पेण-रोह्याकडे हा तोरा घरोघर सापडेल. पेण तर मातीची पोटं घडवूनच जगभर पोचलेलं गाव. तिथं साखरेचा विषय निघाला की आधी समोरच्याच्या ढेरीकडे नजर जायची, हे ओघानंच आलं. पण ही पारख गणपतीपुरती ठीक. 2004 साली पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये आपला शेजारी-शेजारी काढलेला फोटो छापला. बीएमआय दोघांचाही 22.3. अंगातली चरबी मात्र युडकिनांची 9.1 टक्के आणि आपल्या याज्ञिकांची 21.2! म्हणजे आपला काटकपणा बऱ्याचदा शर्टापुरताच असतो. स्वतःची चरबी दशांशचिन्हासकट जगजाहीर करणाऱ्या माणसापुढे माझ्या पट्ट्याची काय मातब्बरी?

जेवणानंतर रक्तात आलेली साखर स्नायूंनी उचलावी म्हणून इन्सुलिन हाका मारतं. यकृतात, स्नायूंत चरबी साचली की पहिल्या हाकेला ओ मिळेनाशी होते. मग अंगणात खेळणाऱ्या पोरांना बोलावणाऱ्या आईसारखं स्वादुपिंड आवाज चढवत जातं. पोरं येतात, म्हणून रिपोर्टही चांगला येतो. घसा बसू लागला की उपाशीपोटीची साखर 100 ते 125 किंवा मागच्या काही महिन्यांची सरासरी साखर सांगणारं एचबीए1सी 5.7 ते 6.4 निघतं, डॉक्टर ‘बॉर्डरवर आहे’ म्हणतात आणि आपण खुशीत घरी येतो. ‘आमचे आजोबा तिन्ही त्रिकाळ भात खायचे’ हे आपलं ठेवणीतलं उत्तर. खायचेच. पण त्या भाताची लावणी-झोडणीही तेच करायचे, आणि राबणारा स्नायू इन्सुलिनच्या हाकेची वाट न बघता साखर उचलतो. आपण आजोबांचं ताट तेवढं वारशात घेतलं.

मग खायचं तरी काय? अहो, वाल आहेत ना! थंडीत शेतातल्या ताज्या शेंगांना मीठ-ओवा लावायचा, मडक्याला आतून भांबुर्ड्याच्या पाल्याचं अस्तर द्यायचं, त्यात शेंगा, अंडी, कोंबडी ठासायची, तोंडाशी पुन्हा पाला दाबायचा, मडकं पालथं घालायचं आणि भोवती पेंढा-पातेरा पेटवायचा, की झाली पोपटी. पाणी नाही, तेलाचा थेंब नाही. भांबुर्ड्याचा तो उग्र, धुरकट वास शेंगेत उतरतो आणि बोटं भाजत सोललेला पहिला दाणा... पण मी इन्सुलिनबद्दल बोलत होतो. सांगायचं ते हे की, प्रथिनं आणि तंतू यांचा एवढा भरणा असलेली पोपटी एखाद्या आहारतज्ज्ञानं कागदावर लिहून दिली असती, तर आपण तिला तोंड लावलं नसतं. (बटाटे दोनच घाला.) एरवी वर्षभर आपल्या ताटात भात दोन मुदी आणि वालाचं बिरडं चमचाभर असतं. ते प्रमाण उलटं करायचं, बिरडं-भाजी आधी आणि भात मागून खायचा, जेवणावर जरा चालायचं.

‘वजन उतरवा म्हणतात, पण मुळात बारीक असलेल्यानं ते कुठून उतरवायचं?’ हा आक्षेप रास्त आहे. अमेरिकेतल्या 2002 च्या अभ्यासात सात टक्के वजन घटवण्याचं आणि आठवड्याला 150 मिनिटं व्यायामाचं लक्ष्य दिल्यावर मधुमेह होण्याचं प्रमाण 58 टक्क्यांनी घटलं. पण ती माणसं आडव्या अंगाची. चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांनी 2006 साली भारतीयांवरचा अभ्यास मांडला. तिथं आहार-व्यायामानं घट 28.5 टक्केच झाली, पण ती वजन फारसं न उतरता. तेव्हा बारक्यांनी काट्याकडे बघत बसू नये. चालावं, जोर-बैठका काढाव्यात.

इथे माझी थट्टा संपते. या चर्चेत ढेरी पुरुषाची, रिपोर्ट पुरुषाचा, पथ्यही त्याचंच. पापड लाटून, सगळ्यांना वाढून शेवटी जेवायला बसणारी बाई टाकवत नाही म्हणून पातेल्यातला उरलेला भात संपवते, बिरडं तोवर संपलेलं असतं. तिच्या कंबरेला कोणी टेप लावत नाही. पुरुषाला 90 सेंटिमीटरची मुभा आहे, तिला 80 चीच. आणि गरोदरपणी साखर वाढलेली असेल तर पुढे मधुमेहाचा धोका आणखी मोठा. तिशी ओलांडलेल्यांची साखर सरकारी आरोग्य उपकेंद्रात फुकट तपासतात. आपला नंबर लावताना तिचाही लावा, आणि आज भात उरला तर तो तुम्ही संपवू नका, तिलाही संपवू देऊ नका.