डिव्हिडंड-पंडित

डिव्हिडंड-पंडित हा साठी ओलांडलेला मध्यमवर्गीय गृहस्थ असून डोंबिवली, ठाणे, विलेपार्ले पूर्व आणि पुण्याच्या पेठा ही त्याची मुख्य वसतिस्थाने आहेत. सकाळी तो बागेत आढळतो, संध्याकाळी सोसायटीच्या कट्ट्यावर. बँकेतून, विमा कंपनीतून किंवा एखाद्या सरकारी खात्यातून तो निवृत्त झालेला असतो, त्यामुळे आकडे आपल्याला कळतात याविषयी त्याच्या मनात शंका नसते. त्याच्याकडे पाच-सहा म्युच्युअल फंड असतात आणि त्यांतला प्रत्येक फंड कट्ट्यावरच्या इतर सर्वांच्या फंडांपेक्षा सरस असतो. इतरांचेही नेमके हेच म्हणणे असल्यामुळे कट्टा रात्री नऊपर्यंत चालतो.

ही जात युनिट ट्रस्टच्या काळात उदयास आली. १९६४ साली निघालेली युएस-६४ ही योजना नोकरदाराने फंड म्हणून कधी घेतलीच नाही. त्याच्या लेखी ती जरा जास्त व्याजाची मुदत ठेव होती. डिव्हिडंड वॉरंट पोस्टाने येई, ते बँकेत भरले की वर्षाचा हिशोब मिटला. युनिटचे भाव ट्रस्टच ठरवत असे, त्यामागची मालमत्ता खरोखर कितीची आहे हे विचारण्याची पद्धत नव्हती. जुलै २००१ मध्ये ट्रस्टने युनिटांची फेरखरेदी थांबवली तेव्हा घरोघरी ती चौकशी पहिल्यांदा झाली. पैसे पुढे मार्गी लागले, पण सवय राहिली ती राहिलीच. डिव्हिडंड म्हणजे वरकमाई आणि एनएव्ही (एका युनिटमागच्या मालमत्तेचे मूल्य) म्हणजे मुद्दल, अशी पंडिताची आजही पक्की समजूत आहे.

या समजुतीतून त्याचे पहिले लक्षण निघते. फंडाने ‘४० टक्के’ डिव्हिडंड जाहीर केला की तो त्या दिवशी नेहमीपेक्षा पाच मिनिटे आधी कट्ट्यावर हजर होतो. हे ४० टक्के दहा रुपयांच्या दर्शनी किमतीवरचे असतात, म्हणजे युनिटमागे चार रुपये. एनएव्ही ४८ असेल तर हा डिव्हिडंड सव्वाआठ टक्क्यांच्या आसपास पडतो, आणि बाजार जागचा हलला नाही तर दुसऱ्या दिवशी एनएव्ही ४४ दिसते. चार रुपये आले ते आपल्याच युनिटातून आले, हे सांगणाऱ्याला पंडित ‘तुमचं आपलं काहीतरीच’ एवढेच उत्तर देतो.

त्याची खरी कर्तबगारी मात्र तुलनेत आहे. एकाच योजनेचे ग्रोथ आणि डिव्हिडंड असे दोन पर्याय घ्यावेत. दोन्हींची एनएव्ही २० रुपये. वर्षभरात ती २५ झाली आणि डिव्हिडंड पर्यायाने पाच रुपये वाटले, म्हणून त्याची एनएव्ही परत २० वर आली. दुसऱ्या वर्षी बाजार २० टक्के चढला. आता ग्रोथची एनएव्ही ३०, डिव्हिडंडची २४. ज्याने नुसती एनएव्ही पाहिली त्याला डिव्हिडंड पर्यायाचा परतावा २० टक्के दिसतो. ज्याने हातात आलेले पाच रुपये त्यात मिळवले त्याला ४५ टक्के. आणि ज्याने ते पाच रुपये वाटपाच्या दिवशी २० च्या भावाने परत गुंतवले असे धरले, त्याच्याकडे एका युनिटचे सव्वा युनिट होते. सव्वा गुणिले २४ म्हणजे ३०, म्हणजे ५० टक्के, अगदी ग्रोथइतकेच. कर बाजूला ठेवला तर असेच व्हायला हवे, कारण दोन्ही पर्यायांचे शेअर तेच आणि मॅनेजरही तोच.

पंडिताला हे तिन्ही आकडे ठाऊक असतात. शेजाऱ्याच्या फंडाला तो २० लावतो, स्वतःच्या फंडाला ५०, आणि मेहुण्याने सुचवलेल्या फंडाला ४५, कारण मेहुण्याशी अगदीच वाकडे घेऊन चालत नाही.

बाजार पडला की त्याला आणखी बहर येतो. वरच्याच उदाहरणात दुसऱ्या वर्षी २० टक्के घसरण झाली तर ग्रोथ २० वर येते आणि डिव्हिडंडची एनएव्ही १६, अधिक हातातले पाच, म्हणजे २१. ‘बघा, डिव्हिडंडवाला वर!’ असे तो टाळी मागत सांगतो. तो एक रुपया फंडाच्या कर्तबगारीचा नसतो. पाच रुपये बाजाराबाहेर बसले होते म्हणून ते घसरणीतून वाचले, एवढेच. पुनर्गुंतवणूक धरून पाहिले तर सव्वा गुणिले १६ म्हणजे २०, पुन्हा बरोबरी. फंडाफंडांची तुलना याच रीतीने का करायची, ते इथे दिसते. पैसे वाटले गेल्यावर घरच्यांनी त्यांचे काय केले याचे श्रेय किंवा दोष मॅनेजरला देता येत नाही.

घरी हाच सिद्धांत उलटा फिरतो. ‘रीइन्व्हेस्ट धरून आपले इतके झाले,’ असे पंडित जेवताना म्हणतो आणि ताक वाढता वाढता उत्तर येते, ‘अहो, त्याचाच तर गीझर घेतला.’ या वाक्यात दोष काढता येत नाही. फंड किती चांगला हा एक प्रश्न, आपल्याजवळ किती जमले हा दुसरा. पहिल्यात पुनर्गुंतवणूक धरावी लागते, दुसऱ्यात गीझर.

निर्देशांकाशी स्पर्धा हे पंडिताचे प्रौढ वयातले लक्षण. ‘माझ्या फंडाने सेन्सेक्सला मागे टाकले’ हे वाक्य त्याला फार प्रिय आहे. सेन्सेक्स शेअरांच्या केवळ भावांवर चालतो. कंपन्यांनी वाटलेला डिव्हिडंड त्यात येत नाही. फंडाला मात्र तो मिळतो आणि एनएव्हीत जमा होतो. वर्षाला साधारण सव्वा टक्क्याची ही आघाडी शर्यत सुरू होण्याआधीच पदरात पडते. सव्वा टक्का किरकोळ वाटतो, पण एक लाख रुपये वीस वर्षे १२ टक्क्यांनी वाढले तर सुमारे ९ लाख ६५ हजार होतात, आणि सव्वातेरा टक्क्यांनी १२ लाखांच्या थोडे वर. म्हणूनच सेबीने फेब्रुवारी २०१८ पासून फंडांना आपली तुलना डिव्हिडंड धरलेल्या टोटल रिटर्न निर्देशांकाशी करायला लावली. त्यानंतर बरेच विजेते एका रात्रीत मधल्या फळीत आले. पंडितावर परिणाम झाला नाही. टीव्हीच्या पट्टीवर अजून साधा सेन्सेक्सच धावतो आणि तो त्याला पुरतो.

पंडिताचा पुतण्या जर्मनीत असल्यास गुंता वाढतो. तिथला प्रसिद्ध डॅक्स निर्देशांक डिव्हिडंड पुन्हा गुंतवला असे धरूनच मोजला जातो, सेन्सेक्स तसा नाही. दिवाळीच्या व्हिडिओ कॉलवर काका-पुतणे या दोहोंची तुलना करतात आणि दोघेही आनंदात फोन ठेवतात.

कराचा विषय निघाला की पंडित घड्याळ पाहतो. एप्रिल २०२० पासून फंडाचा डिव्हिडंड गुंतवणूकदाराच्या उत्पन्नात धरला जातो. तो थेट पुन्हा गुंतवला तरी कर चुकत नाही, त्यामुळे ३० टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाचे वरचे सव्वा युनिट प्रत्यक्षात सव्वा राहत नाही. एप्रिल २०२१ पासून डिव्हिडंड पर्यायाचे नावही बदलले आणि वाटलेल्या रकमेत गुंतवणूकदाराचे भांडवलही असू शकते हे त्या नावातच आले. कट्ट्यावर जुनेच नाव चालते.

स्वतःच्या पैशाचा परतावा पंडिताने सहसा काढलेला नसतो. त्यासाठी एक्सेलमध्ये एक्सआयआरआर नावाचे सूत्र आहे. किती रक्कम कधी घातली, किती कधी आली, एवढे भरले की उत्तर मिळते, गीझरसकट. पंडिताच्या वहीत रकमा असतात, तारखा नसतात. ज्यांना तारखा हव्या असतील त्यांनी डिपॉझिटरीकडून ईमेलवर येणारे एकत्रित खातेपत्रक उघडावे. त्याचा पासवर्ड म्हणजे आपलाच पॅन नंबर, कॅपिटल अक्षरांत.