बसायचा परवाना

आमच्या घरात रिकामं बसलेलं माणूस कुणाला बघवत नाही. मी खुर्चीत टेकले रे टेकले की कुणाचा तरी चष्मा हरवतो, कुणाला तरी दुधाची आठवण होते, आणि काहीच सापडलं नाही तर "बसलीच आहेस तर लसूण सोल" हे वाक्य हमखास येतं. पेपर वाचत बसले तरी सुटका नाही. वाचणारी बाई म्हणजे बसलेलीच बाई. मोबाईल धरला तर लसणाबरोबर उपदेशही मिळतो. पण त्याच खुर्चीत, तितक्याच आरामात, हातात सुईदोरा घेऊन बसून बघा. माणसं पावलं न वाजवता बाजूनं जातात. टीव्हीचा आवाज आपोआप उतरतो. परवा तर आमच्या ह्यांनी स्वतः चहा केला आणि वर मलाही विचारलं.

हे गुपित माझं नाही, सासूबाईंचं. त्यांनी पंच्याऐंशी ओलांडली आहे आणि साऱ्या गल्लीत त्यांची ख्याती अशी की, ही बाई क्षणभर रिकामी बसत नाही. पाडवा झाला की सोप्यात त्यांची गोधडी पसरते, ती मृगाचा पाऊस येईपर्यंत हलत नाही. सांगलीच्या उन्हाळ्यात बारानंतर रस्त्यावर कुत्रंही फिरकत नाही, तेव्हा त्या गोधडीच्या कडेला मांडी घालून बसतात आणि येणारे-जाणारे हळहळतात, "या वयात केवढं काम!" मी त्यांच्या शेजारी बसले आहे, त्यामुळे खरं काय ते मला ठाऊक आहे. एक ओळ घालायची, मग एका सोयरिकीचा निकाल लावायचा. पुन्हा अर्धी ओळ, मग पाणी. तीनच्या सुमाराला तर त्या चक्क झोपतात. मात्र सुई चिमटीत ताठ उभी असते. झोपेत सुई पडू न देणं ही विद्या कुठल्याही शिवणक्लासात शिकवत नाहीत.

माझा असा संशय आहे की, गोधडीचा शोध थंडीसाठी लागलाच नाही. आमच्या भागात थंडी पडून पडून पडते किती? कुठल्या तरी हुशार बाईनं दुपारी पाठ टेकायची सोय म्हणून तो लावला असणार. नुसतं बसलं तर बोलणी खावी लागतात, मग बसूनच करायचं, कधीच घाईचं नसलेलं आणि कुणा पुरुषाला मध्येच हातात घेऊन "दे इकडे, असं करतात" म्हणता येणार नाही, असं काम तिनं शोधून काढलं. शिवाय शेवटी पांघरूण मिळतं, म्हणजे तक्रारीला जागाच नाही.

अर्थात काम सोपं नाही. जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली सुती नऊवारी घ्यायची. तिची चौघडी घातली की सव्वादोन वाराचे चार थर होतात, म्हणजे एका माणसाचं पांघरूण झालंच. भारी गोधडीला आत धोतराचे तुकडे, जीर्ण चादरी, पोरांचे सदरे जातात. हे सगळं जमिनीवर ताणून, सुरकुती न ठेवता पसरायचं आणि चार कोपऱ्यांवर वजन ठेवायचं. आमच्याकडे दोन कोपऱ्यांवर पाटा-वरवंटा, तिसऱ्यावर लोखंडी खलबत्ता आणि चौथ्यावर सोसायटीचा हिशेब लिहिलेली जाडजूड वही असते. त्या वहीचा दुसरा उपयोग अजून कुणाला सापडलेला नाही. मग मोठे मोठे कच्चे टाके घालून टाचून घ्यायचं, आणि कडेपासून धावदोरा सुरू करून चौकोनात चौकोन घालत मध्यापर्यंत यायचं. दोरा मेणावरून ओढून घ्यायचा, बोटात अंगुस्तान. सासूबाई अंगुस्तान घालत नाहीत. त्यांच्या बोटाला आता सुईच घाबरते.

सुई ओवणं हे मात्र त्यांना जमत नाही, कारण नेढं दिसत नाही. त्यासाठी मे महिन्यात माहेरपणाला आलेल्या नणंदेची मुलं कामाला लावली जातात. सकाळीच वीसेक सुया ओवून उशीला टोचून ठेवायच्या, दर सुईला एक रुपया. धाकट्यानं यंदा थोरल्याकडून पन्नास पैशांत सुया ओवून घेतल्या आणि रुपयाप्रमाणे आजीकडून वसूल केले. सासूबाईंना हे कळलं तेव्हा त्या रागावतील असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "हा पोरगा कारखान्यावर चेअरमन होणार."

खरी अडचण साडीची. घरातल्या नऊवाऱ्या संपत आल्या. मी पाचवारी नेसणारी, माझी मुलगी तर लग्नापुरतीच. त्यात माझ्या निम्म्या साड्या पॉलिस्टरच्या, म्हणजे गोधडीच्या दृष्टीनं मी वांझोटं आयुष्य जगले. यावर सासूबाईंनी जो उपाय काढला त्याला तोड नाही. स्टीलच्या भांड्यांचा डोलारा डोक्यावर घेऊन बोहारीण आली. जगभर जुने कपडे देऊन पातेलं घेतात. यांनी झाकणाचा नवा डबा तिच्या हातात दिला आणि तिच्या गाठोड्यातली एक गर्द हिरवी इरकल ओढून घेतली. इतकी वर्षं धंदा करून त्या बाईवर अशी वेळ आली नसावी. तिनं तीन वेळा डबा उलटासुलटा करून पाहिला. शेवटी, आपण घेतोय की देतोय हे न उमगल्यामुळे, ती सवयीनं म्हणाली, "आजी, अजून एक साडी घाला." आजींनी शांतपणे गाठोड्यातली आणखी एक काढून घेतली.

घोटाळा पुढे झाला. त्या इरकलीचं गोधडीचं पोट शिवून होत आलं, आणि समोरच्या काकू हळदी-कुंकवाचं बोलावणं द्यायला येऊन नेमक्या त्याच्यावर टेकल्या. बसल्या बसल्या त्यांचा हात काठावरून फिरला आणि थांबला. "ही आमच्या आत्याबाईंची," त्या म्हणाल्या. "पदराजवळ जळक्याचा डाग आहे बघा." होता. स्वतःच बोहारणीला दिलेली साडी परत मागता येत नाही, आणि दुसऱ्याच्या गोधडीत गेलेली बघवतही नाही. मार्ग सासूबाईंनीच काढला, "या की दुपारी शिवायला." तेव्हापासून काकू रोज दुपारी हक्कानं येतात आणि फक्त आत्याबाईंच्या साडीवरच टाके घालतात. त्यांच्या घरचेही म्हणतात, आई गोधडी शिवायला गेलीय, बोलावू नका. मग त्यांच्या जाऊबाई आल्या. मग कोपऱ्यावरच्या बाई क्रोशाची सुई आणि टीव्हीवरचा अर्धा रुमाल घेऊन आल्या; टीव्ही भिंतीवर टांगलेला आणि बोटभर जाडीचा झाल्यापासून त्या रुमालाला ठेवायला जागा नाही, पण म्हणून विणायचं कुणी थांबतं का? परवाना एकाच सुईवर चार-पाच जणींना लागू होतो, हे त्यातून सिद्ध झालं.

ह्यांनी निवृत्त झाल्यावर काही दिवस हा प्रकार लांबून न्याहाळला. बँकेत आयुष्य गेल्यामुळे सवलत कुठं आहे हे त्यांना लगेच दिसतं. सुई धरणं शक्य नव्हतं, म्हणून त्यांनी झारी धरली. "अहो, जरा रवा आणता का?" म्हटलं की गच्चीवरून आवाज येतो, "झाडांना पाणी घालतोय." उन्हाळ्यात याला उत्तर नाही. झाड मेलं तर पाप रव्याच्या माथी.

पाण्यापुरतं राहिलं असतं तर बरं होतं. पण त्यांच्या हाती श्री. अ. दाभोलकरांचं 'विपुलाच सृष्टी' पडलं. तासगावच्या द्राक्षवाल्यांमध्ये दाभोलकरांच्या प्रयोग परिवाराचं नाव आजही आदरानं घेतात. पालापाचोळा कुजवून त्यावर घराच्या गच्चीवरही पीक घेता येतं, पाव एकर जागेतही माणूस पुष्कळ काही करू शकतो, हे त्यांनी लोकांना करून दाखवलं. ह्यांनी त्यातलं "गच्ची" आणि "पुष्कळ" एवढं नीट लक्षात ठेवलं. कॉलनीतला सगळा पाचोळा आमच्या जिन्यातून वर गेला. तो कमी पडल्यावर कुणीतरी सांगितलं, उसाची चिपाडं घाला, हलकी असतात आणि ओल धरून ठेवतात. सांगलीत चिपाडांना काय तोटा? चौकाचौकात रसवंती. पण फुकट मागायला ह्यांना संकोच वाटतो. म्हणून आधी एक ग्लास रस प्यायचा, मग पोतं पुढे करायचं. दोन पोती हवी असली तर दोन ग्लास. गच्ची भरत आली तशी ह्यांची तीन महिन्यांची साखरही भरत आली. डॉक्टरांनी रिपोर्ट बघून विचारलं, "गोड खाताय का?" हे म्हणाले, "छे! बागकाम करतोय."

चिपाडांमागोमाग मुंग्या आल्या. मुंग्यांच्या पाठोपाठ जास्वंदीवर पांढरा पिठ्या ढेकूण आला, कारण हा चिकट गोड पाझरतो आणि मुंग्या त्याची बडदास्त ठेवतात. कडुनिंबाचं तेल आणि साबणाचं पाणी फवारून तो हटला. ह्यांच्या सदऱ्याचा वास अजून हटलेला नाही. टोमॅटोची रोपं सुरेख वाढली, भरपूर फुलली, आणि पारा पस्तिशीच्या वर गेल्यावर फुलं एकेक करून गळाली. मी आधीच सांगितलं होतं की उन्हाळ्यात भेंडी, गवार, कारली लावा. शेवटी वैतागून त्यांनी कारल्याचं बी टोचलं, आणि ते वेल असे माजले की टाकीवर चढले, अँटेनावर गेले, आता शेजारच्या गच्चीशी बोलणी चालू आहेत. ह्यांनी यातून जो हिशेब मांडला तो बँकेतल्या माणसालाच सुचेल: उसाच्या रसानं चढलेली साखर त्याच उसाच्या चिपाडांवर वाढलेल्या कारल्यानं उतरवायची. खातं बरोबर.

बागेतलं मला मनापासून आवडतं ते एकच, मे फ्लॉवर. कांदा कुंडीत पुरून ठेवायचा आणि विसरून जायचं. मे उजाडला की एक लालभडक गोल फूल येतं, थोडे दिवस मिरवतं, लोक फोटो काढतात. बाकी वर्षभर त्याच्याकडून कुणी कसलीही अपेक्षा करत नाही. मोगऱ्याचं तसं नाही. त्याची संक्रांतीनंतर पानं ओरबाडा, छाटा, पाणी तोडा, तेव्हा कुठं तो उन्हाळ्यात कळ्या देतो. आमच्या घरात बहुतेक सगळ्या बायका मोगऱ्याच्या जातीच्या निघाल्या. सासूबाई तेवढ्या मे फ्लॉवर.

अमेरिकेतल्या माझ्या भाचीला या सगळ्याचं फार कौतुक. अलाबामातल्या गीज बेंड नावाच्या वाडीतल्या कृष्णवर्णीय बायकांनी जुन्या कपड्यांच्या गोधड्या शिवल्या, त्या 2002 साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भिंतीवर लावल्या, 2006 मध्ये त्यांची टपाल तिकिटंही निघाली, असं तिनं व्हिडिओ कॉलवर आजीला सांगितलं. आजी म्हणाल्या, "भिंतीवर? मग पांघरतात काय?" कर्नाटकातले सिद्दी लोक त्यांच्या कवंदीच्या कोपऱ्यांना रंगीत 'फुला' लावतात, त्याशिवाय ती नागडी समजतात, हेही तिनं सांगितलं. त्यावर आजींनी आपल्या जन्मभराच्या गोधड्या आठवून पदर सावरला. पण त्यांना अजिबात झेपलं नाही ते भाचीच्या क्विल्टिंगचं कीट. दुकानातून कोरं कापड आणायचं, त्याचे चौकोनी तुकडे करायचे आणि ते परत एकमेकांना जोडायचे. "अगं पण फाडलंच कशाला?" हा त्यांचा प्रश्न अजून अनुत्तरित आहे. माझंही मत त्यांच्याच बाजूचं आहे. हल्ली महागड्या दुकानात मशीनवर टीप मारलेली गोधडी मिळते, ती दिसते झकास. पण तिच्यासाठी कुणी दुपारभर बसलेलं नसतं, तेव्हा ती नुसती चादर.

हातच्या गोधडीचा कस 2019 च्या ऑगस्टमध्ये लागला. आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर गेली आणि आमच्या खालच्या खोल्यांत शिरली. सासूबाईंनी आधी गोधड्या वर न्यायला लावल्या; दागिन्यांचा डबा सगळे माडीवर गेल्यावर आठवला. तरीही एक खाली राहिलीच. पाणी उतरल्यावर गाळातून ती ओढून काढायला तिघं लागले, पिळायला पाच. आठवडाभर कठड्यावर वाळत होती. रंग गेला, वास बरेच दिवस राहिला, पण टाका एकही उसवला नव्हता. माझी फ्रीजसकट सगळी यंत्रं मात्र भंगारात गेली.

यंदाच्या गोधडीचा मधला हातभर चौकोन अजून शिल्लक आहे. पंधरा दिवस तो तेवढाच आहे. मृगाच्या आत तो पुरा व्हायचा नाही याची पाचही जणी जिवापाड काळजी घेत आहेत, कारण गोधडी संपली की लसूण सुरू.

तेव्हा, पेटीच्या तळाशी आजीची, आत्याची सुती नऊवारी असेल तर ती बोहारणीला देऊ नका, आमच्याकडे आणून द्या. डागाची चालेल, विरलेली चालेल, पॉलिस्टरची नको. तिच्यावर टाका धरत नाही आणि घाम मुरत नाही. येताना रिकामी पिशवीही आणा. परत जाताना कारली न्यावी लागतील.