अकरा महिन्यांचा मुंबईकर

मुंबईत भाडेवाढीला चाप लावणारा पहिला कायदा १९१८ साली आला, तो युद्धापुरता. दुसऱ्या युद्धानंतर १९४७ साली त्याचा धाकटा भाऊ आला, तोही काही वर्षांपुरताच. १ सप्टेंबर १९४० रोजी खोलीला जे भाडे होते, ते ‘प्रमाण भाडे’ ठरले आणि कायद्याची मुदत संपत आली की सरकार ती वाढवू लागले. असे वीसहून अधिक वेळा झाले. डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावले की हे गोठलेले भाडे आता वाजवी म्हणता येणार नाही. कायदा मात्र न्यायालयाने रद्द केला नाही, कारण त्याची मुदत ३१ मार्च १९९८ ला संपणारच होती. न्यायमूर्तींचा हा भाबडेपणा विधिमंडळाला भावला असावा. मुदत पुन्हा वाढली.

अखेर ३१ मार्च २००० पासून १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा लागू झाला. त्याने जुन्या भाड्यावर एकदाच ५ टक्के चढवले आणि पुढे वर्षाला ४ टक्के वाढ मान्य केली. ज्या खोलीला तेव्हा १०० रुपये पडत होते, तिला चक्रवाढीने धरले तरी २५ वर्षांनी २८० रुपये होतात. एवढ्यात दक्षिण मुंबईत काही तास गाडी उभी करायला मिळाली तरी पुष्कळ.

त्याच कायद्याने बँका, सरकारी उपक्रम, बहुराष्ट्रीय कंपन्या आणि एक कोटी किंवा त्याहून अधिक भरणा झालेले भांडवल असणाऱ्या कंपन्या यांचे संरक्षण काढून घेतले. तोवर याही मंडळींना शासन गरीब भाडेकरूच समजत होते. समुद्राकडे तोंड करून बसलेल्या प्रशस्त फ्लॅटातल्या कुटुंबांना मात्र कोणी हात लावला नाही. त्यांचे भरणा भांडवल विचारणार कोण?

जुना भाडेकरू हा मुंबईचा वतनदार. मूळ भाडेकरू वारला की त्याच्यासोबत राहणाऱ्या नातेवाइकाकडे भाडेकरूपण जाते, मग त्याच्या मुलाकडे. घरमालकाला हे वतन खालसा करायचे असते, म्हणून तो भाडे घ्यायलाच नकार देतो. भाडे थकले की कोर्टात जाता येते. भाडेकरूही कच्च्या गुरूचा चेला नसतो. तो मनीऑर्डर करतो. पोस्टमन ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारून ती परत आणतो आणि ती पावती कपाटात, लग्नातल्या शालूच्या घडीखाली जाते. लघुवाद न्यायालयात तोच दागिना. तिथे आजोबांनी लढायला घेतलेला दावा नातू चालवतो आणि समोरही मालकाचा नातूच असतो. दोघांचे एव्हाना बरे जमू लागलेले असते.

पागडीचा, म्हणजे खोली मिळवायला भाड्यापलीकडे मोजायच्या रकमेचा, इतिहास तर आणखी लोभस. पन्नासएक वर्षे ती घेणे गुन्हा होता आणि तिच्याशिवाय गिरगावात एक खोली हलत नव्हती. नव्या कायद्याने गुन्हेगारी संपवण्याचा सर्वांत सोपा मार्ग निवडला: पागडी कायदेशीर केली. खोली विकताना मालकाला साधारण तिसरा हिस्सा द्यायचा, बाकी भाडेकरूचा. जो मालक नाही तो विकतो आणि जो मालक आहे तो कमिशन घेतो.

या गोठलेल्या भाड्यात गिलावाही होत नाही, म्हणून मालक दुरुस्ती करत नाही. भाडेकरू म्हणतो, इमारत तुमची, मी का करू? मग १९६९ मध्ये सरकार मधे पडले, उपकर बसवला आणि दुरुस्ती मंडळ काढले. तेव्हा उपकरप्राप्त इमारती १९,६४२ होत्या. आता तेराएक हजार उरल्या आहेत, त्यांतल्या कित्येक टेकूंवर. काही पुनर्विकासाने गेल्या, काही आपणहून. ऑगस्ट २०१७ मध्ये भेंडीबाजारातली हुसैनी इमारत कोसळून ३३ माणसे गेली. जुलै २०१९ मध्ये डोंगरीत आणखी एक कोसळली.

१९८६ मध्ये म्हाडा कायद्यात दुरुस्ती झाली: ७० टक्के भाडेकरूंनी मागणी केली तर सरकार अशी इमारत मालकाला महिन्याच्या भाड्याच्या शंभरपट रक्कम देऊन ताब्यात घेऊ शकते. म्हणजे १०० रुपये भाड्याच्या खोलीचे दहा हजार. मालकांची संघटना न्यायालयात गेली. सर्वोच्च न्यायालयात १९९२ पासून पडून राहिलेल्या प्रकरणात खासगी मालमत्ता सरसकट समाजाची साधनसंपत्ती ठरत नाही, असा निर्वाळा नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने ५ नोव्हेंबर २०२४ रोजी दिला. दरम्यान बत्तीस पावसाळे झाले. इमारतींनी तेवढी वाट पाहिली, हे त्यांचे सौजन्य.

भाडे कायद्याच्या सुधारणेची बैठक कधीही बोलवा, खुर्च्या तीनच: मालक, पागडीवाला, बिल्डर. चौथा माणूस जिन्यात उभा असतो. तो दर महिन्याला या सर्वांहून जास्त भाडे भरतो, पण कायद्याच्या लेखी तो भाडेकरूच नाही, ‘लीव्ह अँड लायसन्स’वर राहणारा परवानाधारक आहे. १९७३ मध्ये सरकारने एकदा उदार होऊन १ फेब्रुवारीला ताब्यात असलेल्या परवानाधारकांना भाडेकरू करून टाकले. मालक त्यातून जो धडा शिकले, तो आजतागायत पाठ आहे: अकरा महिने, नाहीतर कुलूप. २०११ च्या जनगणनेत देशातल्या शहरांत सुमारे १.१ कोटी घरे रिकामी निघाली, त्यात या कुलपांचाही वाटा आहे.

या चौथ्याची परीक्षा दलाल घेतो. ‘बॅचलर? सोसायटी चालवून घेत नाही. नॉनव्हेज?’ मग एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचे यंत्र घेऊन येतो, अंगठा तीनदा पुसून लावायला लावतो. एक महिन्याची दलाली. डिपॉझिट मालकाच्या मनाला येईल तेवढे. अकरा महिन्यांनी भिंतीला पडलेल्या खिळ्याच्या भोकापायी त्यातून सगळ्या घराचा रंग कापला जातो आणि टेम्पो पुढच्या उपनगराकडे निघतो.

केंद्राने २०२१ मध्ये राज्यांसाठी आदर्श भाडेकरार कायद्याचा नमुना मंजूर केला. त्यात घरासाठी डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही, वादांसाठी वेगळी न्यायालये आहेत. जुन्या भाडेकरूंना तो लागू नाही, तरी पागडीवाल्यांच्या पोटात गोळा आला. मालकांना डिपॉझिटची मर्यादा खुपली. ज्याच्या कामाचा तो होता, त्या चौथ्याने त्याचे नावही ऐकले नाही, कारण तो घर शोधत होता.

तरी १९९९ चा कायदा त्याला अगदीच विसरला असे नाही. करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी कलम ५५ ने मालकावर टाकली आहे. नोंदणी नसेल तर अटींबाबत परवानाधारक म्हणेल तेच खरे धरले जाते, उलट सिद्ध होईपर्यंत. शिवाय कसूर करणाऱ्या मालकाला ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. डिपॉझिट नाही, दलाली नाही, बॅचलर चालतो, अशी जागा या शहरात कायद्याने एकच ठेवली आहे आणि तीही घरमालकासाठी राखीव.