किनारा जप्त आहे

२००९ च्या जुलै महिन्याच्या अखेरीस मेक्सिकोतल्या कानकून शहरात एका बड्या हॉटेलातले पाहुणे टॉवेल आणि अंगाला चोळायचं तेल घेऊन किनाऱ्यावर उतरले, तर समोर किनाऱ्यालाच फीत लावलेली. फितीपलीकडे बंदूकधारी नौसैनिक. खून पडला की काय, असं कुणालाही वाटावं. खून नव्हता, चोरी होती. चोरीला गेलेली वस्तू म्हणजे वाळू, आणि ती तिथेच, सगळ्यांच्या देखत, उन्हात पसरलेली होती. हॉटेलाने समुद्रतळाची वाळू उपसून आपल्यासमोर ओढली आणि ती पुढे शेजाऱ्यांकडे जाऊ नये म्हणून पाण्यात बेकायदा बांध घातला, असा प्रोफेपा या पर्यावरणरक्षक सरकारी यंत्रणेचा आरोप. पाच जण ताब्यात. मुद्देमाल जागेवरच सील.

आता वाळूचोरीच्या बाबतीत मेक्सिकोने आपल्याला काही शिकवावं, अशी परिस्थिती नाही. आपल्याकडे वाळू रात्री निघते, नदीतून निघते, नंबरप्लेटीला चिखल फासून निघते आणि आडवा आलेला तहसीलदार डंपरखाली जाता जाता वाचतो. पण चोरलेला माल राजरोस पसरून, त्यावर आरामखुर्च्या मांडून, छत्र्या रोवून वर ग्राहकांना सरबत पाजणारा चोर काही आपल्या मातीत अजून निपजला नाही. हे मान्य करावं लागेल.

ही बातमी मी आमच्या सोसायटीतल्या एका निवृत्त तलाठ्यांना वाचून दाखवली. भाऊसाहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि पहिलाच प्रश्न टाकला, "पंचनाम्यात चतुःसीमा काय लिहिल्या?"

म्हटलं, "पश्चिमेस हॉटेल, पूर्वेस कॅरिबियन समुद्र, उत्तरेस दुसरं हॉटेल, दक्षिणेस तिसरं."

"पूर्वेची हद्द हलती आहे," ते म्हणाले. "सकाळी एक, दुपारी दुसरी. कोर्टात पहिल्याच तारखेला फुटेल. आणि ह्यातली चोरीची वाळू कुठली, मूळची कुठली, हे वेगळं काढलं का?"

प्रश्न वाटतो तितका खवचट नाही. कारण त्या किनाऱ्यावर 'मूळची' म्हणावी अशी वाळू शिल्लक होती कुठे?

मराठी वर्तमानपत्र वाचणाऱ्याला कानकून हे नाव २००३ पासून ठाऊक आहे. तिथे जागतिक व्यापार संघटनेची परिषद भरली, शेतीच्या अनुदानांवरून भांडणं झाली आणि ती फिसकटली. पण त्याच्या जेमतेम तेहेतीस वर्षं आधी कानकून नावाचं शहरच नव्हतं. साठीच्या दशकात मेक्सिकोच्या मध्यवर्ती बँकेला परकीय चलन हवं होतं. बँकेच्या लोकांनी किनारे, हवामान, विमानांची अंतरं असं सगळं कागदावर मांडलं आणि जागा मुक्रर केली. संगणकाने निवडली, असंही कौतुकाने सांगतात. ती जागा म्हणजे इंग्रजी सातच्या आकड्यासारखा वाळूचा एक लांबलचक दांडा, पुढे समुद्र आणि मागे निचुप्ते नावाचं खाजण. वस्ती किती, तर नारळाच्या बागेचे तिघे रखवालदार. आज त्या दांड्यावर वीसबावीस किलोमीटर हॉटेलंच हॉटेलं आहेत. रखवालदार आता हजारोंनी असतील.

वाळूच्या दांड्याची एक रीत असते. किनाऱ्यामागे वाळूच्या टेकड्या असतात. वादळ आलं की समुद्र टेकड्या फोडून वाळू नेतो, फार लांब नेत नाही, थोड्या अंतरावर पाण्याखाली ढीग घालतो. हवा निवळली की बारीक लाटा तीच वाळू मूठमूठ करून परत आणतात. आणि वादळ फारच दांडगं असेल तर लाटा अख्खा दांडा ओलांडतात, वाळू मागे खाजणात लोटतात. म्हणजे बेटच इंचाइंचाने जमिनीकडे कूस बदलतं. हजारो वर्षं हा व्यवहार बिनतक्रार चालू होता. त्यात कुणाचा ठराव नव्हता, निविदा नव्हती.

मग टेकड्यांच्या जागी हॉटेलं आली, कारण समुद्र सगळ्यांत छान तिथूनच दिसतो. कूस बदलणाऱ्या बेटाच्या पाठीत सिमेंटचे खांब ठोकले गेले. जमीन कमी पडली तिथे खाजणाचा तळ उपसून भर घातली. खाजणाने काही हरकत घेतल्याची नोंद नाही. त्यात मगरी आहेत, पण त्यांची संघटना नाही. वादळाची लाट आधी टेकडीत मुरायची, ती आता भिंतीवर आपटू लागली. आपटून परत जाताना भिंतीच्या पायथ्याची वाळूही सोबत नेऊ लागली.

ऑक्टोबर २००५ मध्ये विल्मा आलं. अटलांटिकात तोवर मोजलेला सर्वांत कमी दाब, ८८२ मिलिबार, ह्याच वादळाचा. पण कानकूनचं कंबरडं मोडलं ते वाऱ्याच्या जोरापेक्षा त्याच्या मुक्कामामुळे. इतर वादळं येतात आणि जातात. हे आलं आणि युकातान द्वीपकल्पाच्या कानकूनकडच्या टोकावर दिवसभराहून जास्त ठाण मांडून बसलं. जवळच्या इस्ला मुहेरेस बेटावर चोवीस तासांत १६०० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला. कोकणातला माणूस पावसाच्या आकड्यांना सहसा भीत नाही, पण त्यानेही हा आकडा पुन्हा वाचावा. वादळ सरलं तेव्हा कित्येक ठिकाणी हॉटेलासमोर वाळू नव्हतीच, नुसता खडक. पाहुणे पांढऱ्याशुभ्र वाळूचे पैसे भरून आलेले, आणि ती वाळूही साधीसुधी नव्हे: चुनखडीच्या बारीक गोल दाण्यांची, भर दुपारीही पाय न भाजणारी.

गंमत अशी की त्याच वादळात शेजारच्या पुएर्तो मोरेलोस गावाचा किनारा रुंद झाला. तिथे समोर प्रवाळांची रांग आहे. ती लाटा बाहेरच मोडते. एकाच वादळाने एकाचं नेलं आणि दुसऱ्याचं वाढवलं, तर भाऊबंदकीत काय होतं ते आपल्याला माहीत आहेच.

२००६ मध्ये कानकूनचा किनारा भरून काढायला बेल्जियमची ड्रेझर कंपनी आली. ड्रेझर, म्हणजे समुद्रतळ उपसणारं जहाज, पाहण्यासारखं असतं. जहाजाच्या कुशीतून एक जाडजूड पाइप तळापर्यंत सोडतात आणि त्याचं तोंड तळावर घासत घासत वाळू-पाण्याचा लगदा ओढून पोट भरतात. मग जहाज किनाऱ्याजवळ येतं, तरंगत्या पाइपाला तोंड लावतं आणि सगळं ओकतं. करडा लगदा धबाधबा किनाऱ्यावर पडतो, पाणी परत समुद्रात पळतं आणि मागे उरलेली वाळू बुलडोझर रात्रंदिवस सारत राहतात. अशी सुमारे २७ लाख घनमीटर वाळू टाकली.

"ब्रासमध्ये सांगा," भाऊसाहेब म्हणाले.

हिशेब केला. साडेनऊ लाख ब्रास. २०२३ मध्ये आपल्या सरकारने वाळू ६०० रुपये ब्रासने द्यायचं जाहीर केलं होतं, त्या भावाने ५७ कोटी रुपये होतात. मेक्सिकोला तेव्हा सुमारे दोन कोटी डॉलर लागले, म्हणजे त्या वेळच्या दराने नव्वदएक कोटी. भाऊसाहेबांना यात काही वावगं दिसलं नाही. "आपल्याकडेही वाहतूक वेगळीच होती," ते म्हणाले.

पण ओतलेली वाळू ही बसलेली वाळू नसते. लाटांनी वर्षानुवर्षं चाळून, जिथली तिथे लावलेली नसते. पाण्याच्या कडेला तिची उभी पायरी पडते, आणि ती पायरी रोज थोडी मागे सरते. पहिल्या सरीत बुजवलेला खड्डा दुसऱ्या सरीला जसा तोंड उघडतो, तसा हा किनारा उघडा पडत गेला. तीन वर्षांत बरीचशी भर समुद्राने उचलली. भाऊसाहेबांचं लक्ष इथे भलतीकडेच गेलं. "आमच्या रत्नागिरीत मिऱ्याला बंधाऱ्यासाठी पतन खातं दगड टाकतं," ते म्हणाले. "वाहून गेले तरी चार दगड कुठे ना कुठे दिसतात. वाळू टाकायची आणि ऑडिटवाल्याला काय दाखवायचं? समुद्र?"

अशा वेळी हॉटेलवाल्यांनी काय करावं? बसून राहावं? समोरच्या वाळूवर खोलीचं भाडं ठरतं. मग कुणी पोती टाकली, कुणी बांध घातला. वाळू किनाऱ्याने वाहत जाते, त्यामुळे एकाने अडवली की पुढच्याकडे येत नाही. पुढचा ओरडतो. वरच्या शेतकऱ्याने पाटाला फळी लावली की खालचा ओरडतो, तो जगभर एकाच सुरात ओरडतो. त्यातूनच ती फीत, ते नौसैनिक आणि ते पाच जण.

पण त्याच्यानंतर काही महिन्यांतच सरकारने जे केलं, ते पाहून त्या पाच जणांच्या मनात काय आलं असेल? २००९-१० मध्ये सरकारने पुन्हा ड्रेझर आणले. ह्या वेळी पहिल्याच्या जवळजवळ दुप्पट, ५० लाख घनमीटरांहून जास्त वाळू कानकून आणि आसपासच्या किनाऱ्यांवर ओतली. खर्च सुमारे सात कोटी डॉलर. आणि वाळू आणली कुठून? बरीचशी कोसुमेल बेटाच्या समोरच्या समुद्रतळातून. कोसुमेलवाले आडवे आले. आमच्या पुढ्यातली वाळू उपसून तुम्ही तुमच्या पुढ्यात टाकणार, आमचा किनारा खचला तर? तळाच्या वाळूत वाढणारे शंख खरवडले गेले तर आमच्या मासेमाऱ्यांनी काय करायचं? त्यांचं म्हणणं ऐकून घेतलं गेलं. आपल्याकडेही जनसुनावणीत ऐकून घेतात. नंतर ड्रेझर सुरू झाले.

म्हणजे समुद्रतळाची वाळू उपसून आपल्यासमोर ओढणं हा गुन्हा, हे हॉटेलाच्या बाबतीत सिद्ध करायला नौदल लागलं. आणि तेच काम हजारपटीने केलं तर ती किनाऱ्याची पुनर्स्थापना. भाऊसाहेब इथे अजिबात चकित झाले नाहीत. चाळीस वर्षं त्यांनी हाच फरक पाहिला होता. "रॉयल्टीची पावती आहे ना? मग उपसा. नाही? मग चोरी. नदीला दोन्हींतला फरक कळत नाही, म्हणून तर नदीला दप्तरात सही नाही."

मेक्सिकोत कायद्याने किनारा सार्वजनिक आहे, भरतीच्या रेषेपासून आत वीस मीटरचा पट्टा केंद्र सरकारचा. हॉटेलं तो वापरतात आणि त्याचं भाडं भरतात. पण भरतीची रेषा आत सरकली की पट्टाही आत सरकतो. समुद्राने जोर धरला तर सरकारची हद्द हळूहळू आरामखुर्च्यांवरून जलतरण तलावाशी, तिथून बारच्या काउंटरशी पोचणार. कायदा पाळायचा तर कॉकटेलही सार्वजनिक मालमत्ता ठरेल. हा कायदा लिहिणाऱ्याला विनोदाची जाण होती की समुद्राची, ते कळत नाही. हॉटेलवाल्यांना मात्र वाळू भरून घेण्याची एवढी घाई का, ते ह्यातून थोडं कळतं. वाळू असली की किनारा आमचा आणि वाहून गेली की सरकारने भरून द्यावा, हा हिशेबही आपल्याला अनोळखी नाही.

दुसरी भर पडली त्याच वर्षी, २०१० च्या डिसेंबरात, हवामानबदलावरची संयुक्त राष्ट्रांची परिषद कानकूनलाच भरली. जगभरचे प्रतिनिधी समुद्रपातळी वाढण्यावर आठवडा-दोन आठवडे बोलले. किनारा तेव्हा नवाकोरा होता.

खाजणाचं काय झालं, हे विचारायचं राहिलं. खाजणाकडे कुणाचंच तोंड नसतं, खोल्या सगळ्या समुद्राकडे. समुद्राशी जोडणाऱ्या वाटा अरुंद, पाणी सावकाश बदलतं, शहराची घाण त्यात मुरते. काठची कांदळवनं हीच त्याची गाळणी. २०१६ च्या जानेवारीत तिथल्या ताहामार भागातली कांदळवनं यंत्रं लावून साफ केली गेली. कानकून वसवणाऱ्या पर्यटन महामंडळाचाच तो प्रकल्प. लोक रस्त्यावर आले, न्यायालयाने काम थांबवलं. पण कांदळ तोवर पडलेलं होतं. वाळू भरून मिळते. कांदळवनाचं ड्रेझर अजून कुणी काढलेलं नाही.

अलीकडे आणखी एक पाहुणा येतो. समुद्रातून सरगॅसम नावाचं तपकिरी शेवाळ ढिगांनी किनाऱ्यावर येऊन कुजतं, घाण सुटते. ते उचलायला ट्रॅक्टर लावतात. ट्रॅक्टरच्या फाळक्यात शेवाळाबरोबर वाळूही जाते. डॉलर मोजून आणलेली वाळू, कचरा म्हणून, ट्रकने परत गावाबाहेर. ह्याला मात्र कुणी चोरी म्हणत नाही, स्वच्छता म्हणतात.

शेवटी कानकूनच्या राज्य सरकारने एक शहाणपणाची गोष्ट केली: प्रवाळांचा आणि किनाऱ्याचा विमा उतरवला. ह्या विम्यात नुकसान बघायला कुणी येत नाही. वाऱ्याने ठरलेला वेग ओलांडला की पैसे. २०२० च्या ऑक्टोबरात डेल्टा वादळ आलं आणि सुमारे आठ लाख डॉलर मिळालेही. खास शिकवून तयार केलेल्या पाणबुड्यांच्या तुकड्यांनी मोडलेली पोवळी उचलून सिमेंटने जागच्या जागी चिकटवली. पुएर्तो मोरेलोसची ती बाहेरच लाटा मोडणारी रांग ह्या विम्याखालीच येत होती. हे मला मनापासून आवडलं, आणि तसं मी बोलून दाखवलं.

भाऊसाहेबांनी आपल्या हवामान आधारित फळपीक विम्याची कागदपत्रं हाताळली आहेत. आंब्याची कलमं एका डोंगरावर, तापमान मोजायचं यंत्र दुसऱ्याच डोंगराच्या पलीकडे आणि भरपाईसाठी खेटे घालणारा बागायतदार मधल्या एसटीत. ते बराच वेळ गप्प होते.

"सगळं ठीक आहे," मग म्हणाले. "फक्त वारा मोजायचं यंत्र कुठल्या हॉटेलच्या गच्चीवर बसवलंय, तेवढं विचारून घ्या."