धाकट्याला तिकीट काढू देऊ नका

कोलोन, जर्मनी

ती. नाना आणि ती. आई यांस,


धाकट्यानं हातभर लांब भिंगाचा कॅमेरा घेतला आणि आता पक्ष्यांचे फोटो काढायला तो जर्मनीत यायचं म्हणतो, हे तुमच्या पत्रातून कळलं. परभणीत पाहण्यासारखं आहे काय, हा त्याचा सवाल. आणि पाखरं बघत बसणं हा मुळातच रिकामटेकड्याचा धंदा, हा नाना, तुमचा शेरा. दोघांना एकाच पत्रात उत्तर देतो, म्हणजे टपालखर्च वाचेल. उत्तर असं, की त्याला तिकीट काढू देऊ नका. पाहुणा टाळण्यासाठी हे लिहितोय असा संशय आईला येणारच. तुमच्या सूनबाईंनी मजकुरावर नजर टाकून मान डोलावली, ती केवळ शुद्धलेखनाला. तरी संशय नको म्हणून पुरावाच देतो.

इथं नाबू नावाची निसर्गसंस्था १९७१ पासून दरवर्षी एक ‘वर्षाचा पक्षी’ जाहीर करते. २०२१ पासून तो लोकांच्या मतदानानं ठरतो. प्रचार आपल्या ग्रामपंचायतीपेक्षा सभ्य, चुरस मात्र तशीच. २०२२ साली निवडून आला हुदहुद. तो बघायचा तर इथली माणसं कैसरष्टूलच्या उबदार उतारांवर नाहीतर पूर्वेकडच्या जुन्या लष्करी मैदानांवर जातात. आपल्याकडं तोच पक्षी तुरा मिरवत अंगणात किडे उकरतो आणि चहाचा कप खाली ठेवून कुणी त्याच्याकडं बघत नाही. २०२४ चा मान ज्या कीबित्झला मिळाला, ती आपल्या टिटवीची शेंडीवाली चुलत बहीण. ओली कुरणं सुकवून नांगरली गेली आणि इथं तिची संख्या फार घसरली. आपली टिटवी मात्र मध्यरात्री माळावर ओरडून शिवार जागं करते आणि वर अपशकुनी ठरते. २०२५ चा विजेता थिरथिरा. तो तर हिवाळ्यात आपल्याकडं येतोच. जर्मनीहून नव्हे, तिबेट आणि मध्य आशियाच्या बाजूनं. गोठ्याच्या भिंतीवर बसून शेपूट थरथरवणारा काळा-तांबडा पक्षी तोच. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं आपण अभिमानानं म्हणतो आणि कारण विचारलं की गप्प बसतो. निदान पाखरांपुरतं तरी आता कारण देता येईल.

भोरड्यांची गोष्ट तर याहून मजेची. गुलाबी अंगाची ही भोरडी जर्मनीत क्वचित वाट चुकून येते. आली की दुर्बिणी घेऊन माणसं गाड्या पळवत तिकडं धावतात, एका पक्ष्यासाठी. आपल्या ज्वारीवर त्यांचे थवेच्या थवे उतरतात आणि आपणही धावतो, पण गोफण घेऊन. नाना, तुमचा राग मला मान्य आहे. कणसातले दाणे गेल्यावर सौंदर्यदृष्टी टिकत नाही. पण याच भोरड्या उन्हाळ्यात मध्य आशियात टोळांचा फडशा पाडतात, म्हणून चीनच्या शिनजियांगमध्ये त्यांना घरट्यांसाठी मुद्दाम दगडांच्या राशी रचून देतात. म्हणजे पाखरू तेच. एका गावी जावई, दुसऱ्या गावी चोर. धाकट्यानं हुरड्याच्या दिवसांत बांधावर उभं राहून वळणारा थवा टिपला, तर त्या एका फोटोसाठी इथले हौशी लोक कितीही पैसे मोजतील.

तो म्हणेल, रोजच्या पक्ष्यात नवल काय? नवल पक्ष्याच्या दुर्मीळपणात असतं, हा समज कॅमेरा विकणाऱ्यांच्या सोयीचा आहे. टिटवी उघड्या जमिनीवर, खड्यांत खडे वाटावेत अशी अंडी घालते. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडं पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा ती पाण्यात पोट भिजवून येते आणि ओल्या पिसांनी अंडी थंड ठेवते. हे एकदा माहीत झालं की टिटवीचं पाण्याशी जाणं-येणं म्हणजे अख्खं नाटक होतं. माहीत नसेल तर तो पाय ओले करणारा एक पक्षी. ही माहिती विमानानं येत नाही, रोज त्याच बांधावर गेल्यानं येते. (आणि हो, अंड्यांजवळ ठिय्या देऊन फोटो काढायचा नाही. टिटवी उठून गेली तर त्या उन्हात अंडी वाचत नाहीत.) शिवाय उजेड बघा. डिसेंबरात कोलोनचा दिवस जेमतेम आठ तासांचा, तोही ढगाखाली; परभणीचा अकरा तासांचा आणि लख्ख. उडता पक्षी टिपायला हा उजेडच लागतो, तो नसेल तर लाखाच्या भिंगातही करडा डाग येतो.

आता त्याचा हुकमाचा पत्ता. वाल्सरोडं इथं १९६२ पासूनचं प्रचंड पक्षी-उद्यान आहे, तिथं हातभर अंतरावरून फोटो मिळतात. मिळतात, नाकारत नाही. पिसांची वीण, चोचीचा बाक, डोळ्याभोवतीचं कडं शिकायला बंदिस्त पक्ष्यासारखा गुरू नाही. काही जाती तर पिंजऱ्यामुळंच उरल्या. स्पिक्सचा निळा मकाव रानातून नाहीसा झाला होता. २०२० साली बर्लिनजवळच्या केंद्रातून ५२ मकाव ब्राझीलला परत गेले आणि २०२२ मध्ये त्यांपैकी पहिले काही रानात सोडले. पण जाळीआडचा पक्षी खाणं शोधत नाही, ससाण्याला चकवत नाही, ऋतू पाहून देश सोडत नाही, आणि फोटोत नेमकं तेच हवं असतं. पोपटाचंच घ्या. १९७२ च्या कायद्यानं आपला राघू पिंजऱ्यात ठेवणं गुन्हा आहे, तरी कितीतरी ओसरीवर तो लटकलेला असतोच. इथं कोलोनमध्ये पिंजऱ्यातून निसटलेल्या त्याच्याच जातभाईंची वंशावळ १९६० च्या दशकाअखेरीपासून झाडांवर मोकळी राहते, व्हिसा नाही की भाषेची परीक्षा नाही. तेव्हा आपला राघू पाहायला धाकट्यानं जर्मनीला यावं, यात थोडा विनोद आहेच.

राहिला नाना, तुमचा रिकामटेकडेपणाचा मुद्दा. हरभऱ्यात घाटेअळीसाठी पक्षीथांबे लावा, असं कृषी विद्यापीठं कधीपासून सांगत आली आहेत. काठीवर आडवी काडी बांधली की कोतवाल येऊन बसतो, तिथून झेप घेतो, अळी उचलतो आणि पुन्हा त्याच काडीवर येतो. किती खेपा करतो हे कुणीतरी बसून पाहिलं असेल, तेव्हाच हा सल्ला निघाला ना? त्या पाहणाऱ्यालाही त्याच्या वडिलांनी रिकामटेकडाच म्हटलं असणार. युरोपात फोटो काढणारे अशा मांडलेल्या फांदीसमोरच्या खोपटात बसायला दिवसाचं भाडं भरतात. तुमच्या शेतात फांदी, कोतवाल आणि अळी तिन्ही फुकट. धाकट्याला बैलगाडीआड बसवा. गाडीला पाखरं बुजत नाहीत, उभ्या माणसाला बुजतात.

तेव्हा तिकिटाच्या पैशातून आधी आठ पटीची एक बरी दुर्बीण आणि सलीम अलींचं पुस्तक घेऊन द्या. हिवाळाभर बांध, गोदावरीचा काठ आणि जिंतूरकडं येलदरीचं पाणी एवढं झालं, की पैठणचा नाथसागर आहेच. तो १९८६ पासून अभयारण्य आहे, आणि त्याचा डावा कालवा आपल्या जिल्ह्यापर्यंत येतो. माणसानं उलट दिशेनं एकदा जायला हरकत नाही.

बाकी सर्व क्षेम. मुलं नमस्कार सांगतात.

आपला,
थोरला

ता. क. एवढं वाचूनही तो यायचंच म्हणाला, तर मे महिन्यात पाठवा आणि सोबत ज्वारीचं पीठ पाच किलो द्या. कॅमेऱ्यामुळं वजन जास्त होत असेल, तर भिंग घरी ठेवायला सांगा.